चोवीस प्रश्न आणि एक डुगडुगती खुर्ची

चारची वेळ दिलेला माणूस ठीक चारला दारात उभा राहिला, याचंच तिला आधी कौतुक वाटलं. पहिल्यांदा येणारी माणसं सहसा वेळ पाळत नाहीत. कोणी अर्ध्या जिन्यातून परत फिरतं, कोणी खालच्या फुटपाथवर दोन चकरा मारून, धीर गोळा करून मग वर येतं. हा मात्र सरळ आला, पायपुसण्यावर बूट पुसले आणि म्हणाला, "येऊ का?"

"या ना. बसा."

तो लगेच बसला नाही. आधी खुर्चीकडे पाहिलं, मग खुर्चीच्याच हातावर तळवा टेकवला आणि मगच हळूच बसला. खुर्ची नेहमीसारखी डाव्या अंगाला डुगडुगली. त्याच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली. सावध माणूस, तिने मनात नोंद केली. विश्वास टाकायला वेळ घेतो. जड पिशवी जवळच ठेवतो, सोडत नाही.

ती समुपदेशक होती. वय एकोणतीस, दुसऱ्या मजल्यावरच्या केंद्रात दोन खिडक्यांची खोली आणि कामाची स्वतःची एक रीत. पहिल्या भेटीत ती कोणालाही "तुम्हाला काय त्रास आहे?" असं विचारायचीच नाही. मन काही वेगळ्या बरणीत भरून ठेवलेलं नसतं, असं तिचं म्हणणं. ते झोपेत असतं, ताटात असतं, चालण्यात असतं, घरातल्या उजेडात असतं, शेजारी बसलेल्या माणसात असतं. तेव्हा आधी सगळा माणूस बघायचा. त्यासाठी तिने चोवीस प्रश्नांचा एक कागद केला होता. केंद्रातले लोक तिला पाठीमागे "प्रश्नपत्रिका" म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याची तिला अजिबात लाज नव्हती.

"काम सुरू करण्याआधी मी थोडं विचारते," ती म्हणाली. "आधी माणूस समजून घ्यायला आवडतो मला. जे सांगायचं नसेल तिथे नुसतं ‘पुढे’ म्हणा."

तो किंचित गोंधळला. मग हसला. "विचारा की."

"झोप किती वाजता लागते?"

"झोप?" त्याने खिडकीकडे पाहिलं. "लागते... तीन वाजतात. कधी साडेतीन."

"जेवताना बसता, की उभ्यानेच?"

"उभ्यानेच. कामाच्या टेबलाशी. आधी बसायचो. बाबा होते तेव्हा."

"हातांनी काय करता?"

"सगळं," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, की पेन धरलेला तिचा हात क्षणभर थांबला. लांबसडक बोटं, अंगठ्याजवळ जुना व्रण, नखांच्या कडांना तपकिरी रंग. ती घाईने पुढच्या प्रश्नावर गेली.

शेवटचं खळखळून कधी हसलात? आठवत नाही. दिवसातून किती चालता? भरपूर, पण कुठे पोचत नाही. घरात ऊन कुठून येतं? बाबांच्या खोलीतून, आणि ती आठ महिने बंद आहे. तो बोलत राहिला, ती लिहीत राहिली. सुरुवातीला त्याची उत्तरं दोन शब्दांची होती, मग दोन वाक्यांची झाली. चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. ती चोविसाव्या प्रश्नाशी आली.

"घरी पोचल्यावर ‘पोचलो’ हे कोणाला कळवता?"

खालच्या रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कोणालाच नाही," तो म्हणाला. "आता कोणालाच नाही."

तेवढ्यात दार उघडून काउंटरवरच्या काकूंनी डोकं आत घातलं. काकूंना टकटक करणं म्हणजे वेळेची नासाडी वाटे.

"अगं, तुझा चारचा माणूस येत नाहीये, आत्ताच फोन आला. आणि सुताराने खुर्ची बघितली का? चारलाच वर पाठवलाय मी त्याला."

तिने त्याच्या जड पिशवीकडे पाहिलं; तिच्यातून रंध्याची मूठ डोकावत होती.

"अजून प्रश्नच चाललेत, काकू," सुतार गंभीरपणे म्हणाला.

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "तुम्ही... तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्याकडे काम देण्याआधी माणूस पारखून घेतात. मोठं केंद्र आहे!"

"चाळीस मिनिटं?"

"जुनी खुर्ची आहे. नाजूक काम." आणि मग तो हसला, खळखळून. हसता हसता थांबला आणि आश्चर्याने म्हणाला, "तो हसण्याचा प्रश्न होता ना तुमचा... तिथे आजची तारीख घाला."

तिने कागद फाडायला हात घातला, तर त्याने हलकेच अडवलं.

"राहू द्या. आठ महिन्यांत मला एवढं कोणी विचारलं नव्हतं."

झालं. तिच्या मनात काहीतरी डावीकडे कललं ते तिथेच.

*

काम एका खुर्चीचं होतं, पण काकूंनी सुतार हाताशी आलाय म्हटल्यावर पुस्तकांची फळी, अडकणारी खिडकी आणि स्वतःच्या काउंटरचा खण असं सगळं त्याच्या गळ्यात घातलं. त्यामुळे तो आठवडाभर रोज दुपारी येऊ लागला. तिच्या मोकळ्या तासात येई, पॉलिशचा वास घेऊन येई आणि जाताना तो वास मागे ठेवून जाई.

दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून पेन्सिल काढली. "आता माझी पाळी. या खुर्चीत बसणारी माणसं कशी बसतात?"

"म्हणजे?"

"टेकून बसतात की पुढे सरकून? हात कुठे ठेवतात? रडतात तेव्हा कुठल्या बाजूला वळतात?"

ती बघतच राहिली. "खिडकीकडे," ती सावकाश म्हणाली. "बहुतेक जण खिडकीकडे वळतात. आणि उजव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरतात."

"मग सांधा तिथेच सैल झालेला असणार." त्याने बोटाने दाबून दाखवलं, आणि खरंच तिथेच होता. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. गुडघ्यांवर बसून फरशीला गाल टेकवून त्याने एक डोळा मिटला. "आणि खुर्ची एकटीच दोषी नाही, मॅडम. तुमची जमीनही उतरती आहे. लोक आल्यासरशी पाय कापायला जातात. मी आधी जमीन बघतो."

"हे... हे माझंच वाक्य आहे," ती म्हणाली.

"तुमचं कसं? मी आत्ताच म्हणालो!"

असं चालायचं. ती नोंदी लिहिता लिहिता मान वर करी, तर तो रंधा थांबवून बघत असे. नजरानजर झाली की दोघंही आपापल्या कामात असे काही डोकं घालत, की काकूंना खोकला येई. एकदा त्याने तिच्या केसांत अडकलेली लाकडाची कुरळी साल काढली आणि टाकून देण्याऐवजी खिशात घातली. तिने पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

शनिवारी खुर्ची उभी राहिली. त्याने पायाखाली पातळशी पाचर बसवली होती, जमिनीच्या उताराच्या मापाची. हलवून बघितली, तर ढिम्म हलेना.

"एक विचारू?" तो म्हणाला. "कोपऱ्यावर एक छोटं जेवणघर आहे. टेबलं माझीच आहेत, त्यामुळे डुगडुगत नाहीत. समोर कोणी बसणार असेल, तर मीही बसून जेवेन म्हणतो..."

तिचं मन कधीच कोपऱ्यापर्यंत जाऊन पोचलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला नाही येता येणार."

"कोणी आहे?"

"कोणी नाही. नियम आहे. जो माणूस त्या खुर्चीत बसून मला त्याची झोप सांगतो, त्याच्याबरोबर मी जेवायला जात नाही."

"मी खुर्ची दुरुस्त करायला बसलो होतो!"

"तुम्ही खुर्चीसाठी बसला होतात. मी मात्र तुमचं ऐकायला बसले होते," ती म्हणाली. "आणि ऐकलेलं परत करता येत नाही."

*

रविवारभर ती स्वतःशी भांडली. हे काम तिने हट्टाने मिळवलं होतं. आईने "लोकांची रडगाणी ऐकून तूच आजारी पडशील" म्हणून डोळ्यांत पाणी आणलं होतं, दादाने बँकेतल्या नोकरीचे फॉर्म आणून दिले होते, तरी ती बधली नव्हती. त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला एवढी खात्री हवी, की समोरच्या बाईला त्याच्याकडून काहीही नकोय. ती खात्री गेली, तर कामात उरलं काय? आणि हा माणूस गेला तर... याच्यापुढे तिचा विचार जाईना. दोन्हीतलं एक सोडावं लागणार असं दिसत होतं आणि दोन्ही सोडवत नव्हतं.

सोमवारी सकाळी ती मोठ्या मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिली. मोठ्या मॅडमनी तिला काम शिकवलं होतं. त्यांना पस्तीस वर्षांचा अनुभव होता आणि आडपडदा अजिबात नव्हता. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"त्याच्यावर उपचार केलेस?"

"नाही."

"करायचेत?"

"नाही." तिने श्वास घेतला. "मला त्याच्याबरोबर जेवायचंय."

"मग बावळटासारखी रडतेस कशाला? तो आपला रुग्ण नव्हे, तू केलेली चूक आहे." मॅडमचा आवाज मग मऊ झाला. "पण नुसतं तेवढं म्हणून सुटका नाही. एक, त्या पोराला आधाराची गरज आहे. बाप गेलाय, झोप गेलीय. तो आधार तू द्यायचा नाहीस, आपल्या केंद्रातही नाही. नदीपलीकडे आपला जुना सहकारी बसतो, त्याचा पत्ता दे. गेला की नाही, हे विचारायचं नाही. दोन, तुला त्याचं दुखणं कुठे आहे हे माहीत आहे, आणि त्याला तू चहात साखर घेतेस की नाही हेही माहीत नाही. अशी सुरुवात झाली, तर तू आयुष्यभर घरातही समुपदेशकच राहशील. याचं काय करायचं, ते तू ठरव."

"आणि नियम?"

"नियम मोडायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि त्याच्या आड लपायचंही नाही."

दुपारी तो काउंटरचा खण बसवायला आला, तेव्हा तिने त्याच्या हातात एक पाकीट दिलं. आत त्याचा भरलेला कागद होता आणि नदीपलीकडचा पत्ता.

"हा तुमचा कागद. आमच्याकडे याची नोंद नाही, नक्कल नाही. आणि हे माझे सहकारी. चांगले आहेत. तिथे जा."

त्याने पत्ता वाचला. चेहरा हळूहळू बंद होत गेला, त्याच्या घरातल्या त्या खोलीसारखा.

"म्हणजे मला दुसऱ्या दाराला लावताय."

"तसं नाही..."

"मॅडम, मला वेड लागलेलं नाही. मी फक्त जेवायला चला म्हणालो होतो."

"झोप न येणं म्हणजे वेड नव्हे. आणि मी तुम्हाला लांब करत नाहीये. उलट..." उलट काय, ते तिला धड सांगता येईना. "मी तुमची समुपदेशक होणार नाही. कधीच नाही. मला ते व्हायचं नाहीये. एवढं समजून घ्या."

त्याने पाकीट पिशवीत टाकलं. खण चार वेळा उघडून-मिटून बघितला, काकूंना "ठीक आहे आता" म्हणाला आणि जिना उतरून गेला. वळून पाहिलं नाही.

*

सहा आठवडे गेले.

तिने फोन केला नाही. नदीपलीकडच्या सहकाऱ्याशी एका बैठकीत भेट झाली, तेव्हा त्याच्याशी ती हवेवर बोलली, पुस्तकांवर बोलली, त्याच्या मांजराची चौकशी केली. एक प्रश्न जिभेच्या टोकावर येऊन बसला होता, तो तिने चहाबरोबर गिळला. विचारायचं नाही म्हणजे नाही. काकू मात्र रोज येता-जाता उसासे टाकत. "खण काय सुरेख सरकतो गं," एवढंच म्हणत, आणि ती घाईने नोंदी उघडून बसे.

एका दुपारी तिने चोवीस प्रश्नांचा कोरा कागद घेतला आणि स्वतःसाठी भरायला बसली. जेवताना बसता, की उभ्यानेच? तिने खिडकीच्या कठड्यावर उघड्या पडलेल्या डब्याकडे पाहिलं. दोन भेटींच्या मधे, उभ्याने, नोंदी चाळत खाल्लेला अर्धा डबा. तिने पेन खाली ठेवलं. इतक्या लोकांना इतक्या मायेने विचारलेले प्रश्न, आणि एकाचंही धड उत्तर तिच्याकडे नव्हतं.

खुर्ची तिने खिडकीजवळ सरकवली. निदान येणाऱ्यांना तरी ऊन मिळू दे म्हणून. तर खुर्ची पुन्हा डुगडुगायला लागली.

"सुताराला निरोप दिलाय," गुरुवारी काकू म्हणाल्या. "चारला येईल. चारचं दुसरं कोणी ठेवलं नाही मी." आणि कधी नव्हे ते दार बाहेरून नीट लावून घेतलं.

ठीक चारला टकटक झाली.

तो थोडा वेगळा दिसत होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी पडली होती. आत आला, खुर्चीपाशी गुडघे टेकले, फरशीला गाल लावला, एक डोळा मिटला.

"खुर्ची हलवलीत."

"ऊन हवं होतं."

"पाचर त्या जागेच्या मापाची होती. इथला उतार वेगळा आहे. मला विचारायचंत."

"तुम्ही बोलत नव्हतात."

"तुम्ही बोलावत नव्हतात."

तो उठला नाही, तसाच फरशीवर बसून राहिला. "तुमच्यावर रागावलो होतो," तो म्हणाला. "पहिले दोन आठवडे. मग एका पहाटे तुमचं ते शेवटचं वाक्य आठवलं... ‘मला ते व्हायचं नाहीये.’ म्हटलं, मग हिला काय व्हायचंय? आणि उत्तर सुचल्यावर असा गाढवासारखा हसलो एकटाच! त्याच दिवशी नदीपलीकडे गेलो. चार वेळा झालं जाऊन. बाबांची खोली उघडली. परवा साडेअकराला झोपलो. हे तुम्ही विचारलं नाहीत, मीच सांगतोय, आपखुशीने."

तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"आणि आता," त्याने पिशवीतून एक कागद काढला, "माझं एक काम आहे. बसा."

त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. कागदावर सुतारी पेन्सिलीच्या जाड अक्षरात चोवीस प्रश्न उतरवलेले होते. प्रत्येकापुढे रिकामी ओळ, पट्टीने आखलेली.

"तुमच्याकडे माझी चोवीस उत्तरं आहेत. माझ्याकडे तुमचं एकही नाही. अशाने टेबल कलतं, मॅडम. मी असलं काम करून देत नाही."

चार वर्षं ती त्या खोलीत बसत होती, पण त्या खुर्चीत एकदाही बसली नव्हती. तिला भीती वाटली. खरीखुरी. इतकी माणसं रोज इथे कशी बसत असतील? पण ती बसली. खुर्ची डुगडुगली. त्याने न बोलता आपल्या बुटाचं टोक पायाखाली सरकवलं आणि खुर्ची स्थिर झाली.

"झोप किती वाजता लागते?"

"लवकर. पण पहाटे जाग येते. लोकांची वाक्यं आठवत राहतात."

"जेवताना बसता, की..."

"उभ्याने," ती म्हणाली. "हसायचं नाही."

"नाही हसत." तो हसत होता. "शेवटचं खळखळून कधी हसलात?"

"सात आठवड्यांपूर्वी. एक माणूस म्हणाला, जुनी खुर्ची आहे, नाजूक काम. तेव्हा नाही हसले, लाज वाटत होती. घरी जाऊन हसले."

त्याची पेन्सिल जरा अडखळली. प्रश्नांमागून प्रश्न गेले. तिने सगळं सांगितलं. आई दादाकडे दुसऱ्या शहरात असते आणि रविवारी फोनवर फक्त तब्येत विचारते, चहात दोन चमचे साखर लागते आणि ती लोकांपासून लपवून घालते, लोकांचं ऐकून घरी गेल्यावर कधीकधी स्वतःचा आवाजच सापडत नाही... सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की आपण खिडकीकडे वळलोय आणि उजव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरलाय. त्याच्याही लक्षात आलं होतं. त्याने त्या हातावर आपला हात ठेवला.

"चोवीस," तो हळूच म्हणाला. "घरी पोचल्यावर ‘पोचले’ हे कोणाला कळवता?"

"कोणालाच नाही." तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. आता आड लपायला काही उरलं नव्हतं आणि लपायचंही नव्हतं. "मला तुम्ही आवडता. कागद भरला त्या दिवसापासून. म्हणूनच तुम्हाला पलीकडे पाठवलं. मला तुम्हाला बरं करायचं नव्हतं, मला तुमच्यासमोर बसून जेवायचं होतं. उत्तर लिहा काय ते."

त्याने लिहिलं नाही. कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली. "शेवटची ओळ रिकामी आहे. ती तुम्हीच भरा, घरी गेल्यावर. आज मला नदीपलीकडे जायचंय, साडेपाचची वेळ आहे. चुकवायची नाही, असं ठरवलंय."

"चुकवायची नाहीच," ती म्हणाली. आणि तिला तो आधीपेक्षाही जास्त आवडला.

"जेवण उद्या. कोपऱ्यावर. दोघांनीही बसून."

सातच्या सुमाराला ती घरी पोचली. किल्ली खुंटीला लावली, दिवा लावला, घडी उलगडली. रिकाम्या ओळीखाली पेन्सिलीने, अगदी बारीक, एक फोन नंबर लिहिलेला होता. तिने तो लावला. पहिल्याच घंटीला पलीकडून उचलला गेला. नुसता श्वास ऐकू येत होता, वाट बघणारा.

"पोचले," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला. "जेव आता. बसून."